बर्फाच्या लादीमागचा वायू : अमोनिया, आपली जेटी आणि कायद्याची मापं



बर्फाचा भाव आपल्यापैकी प्रत्येकाला तोंडपाठ असतो. ऑगस्टात हंगाम उघडला की पहिली धावपळ डिझेलची आणि दुसरी बर्फाची. लादी कितीला मिळते, कुठल्या प्लांटची लादी लवकर विरघळते, कोण उधारीवर देतो, ही चर्चा जेटीवर रोजच चालते. पण ती लादी गोठते कशामुळे, असं विचारलं तर बरेच जण "गॅसवर" एवढंच सांगून मोकळे होतात. त्या गॅसचं नाव अमोनिया. आज त्याच्याबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण तो आपल्या जेटीच्या, वाड्याच्या आणि पोरांच्या शाळेच्या अगदी जवळ असतो.

अमोनियाचा वास आपल्या घरांना नवा नाही. मोरी किंवा वाघळी बर्फाविना पडून राहिली तर नाकात चढणारा जो उग्र दर्प येतो, तो अमोनियाचाच. या माशांच्या अंगात युरिया असतो. मासा मेल्यावर जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. म्हणून तर मोरी ताबडतोब साफ करून बर्फात घालायची असते. आता गंमत बघा, मोरीतला अमोनिया रोखायला आपण जो बर्फ वापरतो, तो बर्फही अमोनियावरच तयार होतो. माशातला अमोनिया चिमूटभर असतो. प्लांटमधला शेकडो किलो असतो, आणि तोही दाबाखाली.

लादी बनते कशी

बर्फाच्या कारखान्यात लोखंडी डब्यांत पाणी भरतात आणि ते डबे मिठाच्या गार पाण्याच्या मोठ्या टाकीत सोडतात. त्या खाऱ्या पाण्यातून नळ्या गेलेल्या असतात आणि नळ्यांमधून अमोनिया फिरतो. अमोनिया उणे ३३ अंश सेल्सिअसलाच उकळतो. उकळायला त्याला उष्णता लागते आणि ती तो टाकीतल्या पाण्यातून ओढून घेतो. पाणी गार होतं, डब्यातली लादी गोठते. वायू झालेला अमोनिया कॉम्प्रेसर दाबतो, कंडेन्सरमध्ये तो थंड होऊन पुन्हा द्रव होतो, रिसीव्हरच्या टाकीत साठतो आणि परत नळ्यांमध्ये जातो. कंडेन्सरच्या बाजूला त्याचा दाब कारच्या टायरमधल्या हवेच्या पाच-सहा पट असतो.

इतका त्रासदायक वायू मग वापरतात कशाला? कारणं चोख आहेत. तो स्वस्त आहे. एक किलो अमोनिया उकळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी शोषायला फ्रिऑनसारखे वायू कितीतरी पट जास्त लागतात. शिवाय तो ओझोनच्या थराला धक्का लावत नाही आणि पृथ्वी तापवण्यातही त्याचा थेट वाटा नाही. म्हणजे अमोनिया बंद करा, अशी मागणी करण्यात अर्थ नाही. तो बंद झाला तर लादीचा भाव आपल्यालाच परवडणार नाही. तो नळीच्या आत राहिला पाहिजे, एवढीच आपली गरज आहे.

अंगाला काय करतो

अमोनियाला पाण्याचं भारी वेड. एक लिटर पाणी काही शे लिटर अमोनिया वायू सहज पिऊन टाकतं. आपल्या अंगात ओलावा कुठे असतो? डोळ्यांत, नाकात, घशात, फुप्फुसात. म्हणून तो पहिल्यांदा तिथेच धावतो आणि ओलाव्यात मिसळून दाहक द्रव बनतो. डोळे चुरचुरतात, पाणी येतं, खोकला थांबत नाही. प्रमाण जास्त असेल तर घसा आतून सुजतो, श्वास अडतो, दृष्टी कायमची जाऊ शकते. द्रव अमोनिया अंगावर उडाला तर एकाच वेळी गोठवतो आणि भाजतो.

आकडे समजून घ्यायला पीपीएम हे माप लक्षात ठेवा. हवेच्या दहा लाख भागांत एक भाग वायू म्हणजे एक पीपीएम.

– साधारण ५ पीपीएमच्या आसपास बऱ्याच जणांना वास येऊ लागतो. काहींना आधी, काहींना उशिरा.
– २५ पीपीएम ही कामगारांसाठी आठ तासांच्या पाळीची सरासरी मर्यादा. कारखाने अधिनियम १९४८ च्या दुसऱ्या परिशिष्टात ती दिली होती. थोड्या वेळासाठी, म्हणजे १५ मिनिटांसाठी, ३५ पीपीएम.
– ३०० पीपीएमला जिवाला तातडीचा धोका धरतात. तिथे साध्या फडक्याने भागत नाही, हवेची टाकी पाठीवर लागते.
– काही हजार पीपीएमला माणूस थोड्याच वेळात दगावू शकतो.

आता एक हिशेब करून बघू. एक किलो द्रव अमोनिया बाहेर सांडला तर त्याचा साधारण १.४ घनमीटर वायू होतो. तो ४० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ६ मीटर उंच अशा शेडमध्ये सगळीकडे पसरला, तर त्या संपूर्ण शेडमधली हवा ३०० पीपीएमला पोचते. एक किलो! आपण बाजारात इसवण घेतो त्याहून कमी वजन. प्लांटमध्ये तर शेकडो किलो भरलेला असतो.

आणखी एक गोष्ट. पुस्तकात लिहिलेलं असतं की अमोनिया हवेपेक्षा हलका, वर निघून जातो. ते साध्या वायूबद्दल खरं आहे. पण दाबाखालचा द्रव फुटून बाहेर आला की तो थंडगार तुषारांसकट येतो, आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेतली वाफ गोठवतो आणि पांढरं धुकं होऊन जमिनीलगत सरकतो. ते धुकं वर जायची वाट बघत उभं राहू नये.

एन्नोरची रात्र

हे सगळं मच्छीमारांच्या वस्तीवर कसं गुदरतं, ते बघायचं तर चेन्नईच्या उत्तरेला एन्नोरला जावं लागेल. तिथे समुद्रकाठी पेरियाकुप्पम, चिन्नाकुप्पम अशी मच्छीमारांची गावं आहेत. शेजारी कोरोमंडल इंटरनॅशनल कंपनीचा खत कारखाना. खतासाठी लागणारा अमोनिया जहाजाने येतो आणि समुद्राखालून टाकलेल्या पाईपलाईनमधून कारखान्यात जातो.

२६ डिसेंबर २०२३ च्या मध्यरात्री ही पाईपलाईन गळली. जहाज येण्याआधी पाईप थंड करण्याचं काम चालू होतं, त्या वेळी हे घडलं. गावातली माणसं झोपेतून उठली ती उग्र वासाने. डोळ्यांची आग, घशाची आग, लहान मुलं खोकतायत, म्हातारी माणसं धापा टाकतायत. ज्याला जे वाहन मिळालं त्यातून लोक गाव सोडून पळाले. पन्नासहून अधिक लोकांना इस्पितळात दाखल करावं लागलं.

तामिळनाडू प्रदूषण नियंत्रण मंडळाने मोजणी केली. कारखान्याजवळच्या हवेत अमोनिया एका घनमीटरला २,०९० मायक्रोग्रॅम निघाला. मर्यादा ४०० ची. समुद्राच्या पाण्यात लिटरला ४९ मिलिग्रॅम, तिथली मर्यादा ५ ची. कारखाना बंद करण्याचे आदेश निघाले. राष्ट्रीय हरित लवादाच्या दक्षिण खंडपीठाने आपणहून प्रकरण हाती घेतलं. नेमलेल्या तांत्रिक समितीने अशी शक्यता मांडली की त्याच महिन्याच्या सुरुवातीला आलेल्या मिचौंग चक्रीवादळात पाईपलाईनवरचे दगड हलले आणि त्यांनी पाईपला इजा केली. मंडळाने ५ कोटी ९२ लाखांची अंतरिम भरपाई सुचवली.

त्या २,०९० चा अर्थ नीट लावा. पीपीएममध्ये तो आकडा जेमतेम ३ होतो. तीन पीपीएमला कोणी इस्पितळात जात नाही. मग पन्नास माणसं गेली कशी? कारण सरळ आहे. गळती होते, लोक पळतात, मग मोजणीचं यंत्र येतं. तोवर मुख्य ढग पुढे निघून गेलेला असतो. कागदावर उरतो तो मागे राहिलेला वास. ढग वस्तीवर होता तेव्हा मोजणारं यंत्र होतं ते फक्त माणसांचं नाक.

आपल्याकडे आणि आसपास

एन्नोर लांब वाटत असेल तर आपल्या चिखलीकडे या. मुरगाव बंदरात उतरलेला अमोनिया टँकरने झुआरीनगरच्या खत कारखान्याकडे नेला जायचा. १९ जानेवारी २०१८ च्या पहाटे असाच एक टँकर चिखलीला महामार्गावर उलटला आणि गळू लागला. शेकडो लोकांना झोपेतून उठवून घराबाहेर काढावं लागलं, काहींना श्वासाचा त्रास झाला. वास्कोतल्या खारीवाड्यापासून ही जागा किती दूर आहे, ते तुम्हीच सांगा.

पंजाबात लुधियानाजवळ दोराहा इथे जून २०१५ मध्ये अमोनियाचा टँकर पुलाखाली अडकला आणि गळला. सहा माणसं गेली, शंभरावर आजारी पडली. आणि आपल्या विषयाला सगळ्यात जवळची घटना सप्टेंबर २०२४ मधली. जालंधर शहरात भरवस्तीतल्या एका बर्फ कारखान्यात अमोनिया गळला आणि एकाचा जीव गेला. तिथे ना समुद्राखालची पाईपलाईन होती, ना टँकर. आपल्याकडे असतो तसाच बर्फाचा कारखाना होता.

कायदा काय मोजतो

आता कायद्याकडे वळू. अमोनियाबद्दल कायदा नाही असं नाही. उलट बरेच आहेत, आणि प्रत्येकाचं माप वेगळं आहे. गोंधळ तिथेच होतो.

पहिलं माप सगळ्यांच्या हवेचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १८ नोव्हेंबर २००९ ला राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकं जाहीर केली. त्यात बारा प्रदूषकं आहेत आणि अमोनिया त्यातलं एक. मर्यादा अशी : २४ तासांची सरासरी घनमीटरला ४०० मायक्रोग्रॅम, वर्षाची सरासरी १०० मायक्रोग्रॅम. अमोनिया या यादीत का? कारण शेतातल्या युरियामधून आणि गुरांच्या शेणमुतातून तो मोठ्या प्रमाणात हवेत जातो, गाड्यांच्या आणि चिमण्यांच्या धुरातल्या आम्लवायूंशी मिसळतो आणि त्याचे बारीक कण होतात, ज्यांना पीएम २.५ म्हणतात. ते कण फुप्फुसात खोलवर जातात. युरोपातल्या देशांनी १९९९ च्या गॉथेनबर्ग करारात देशागणिक अमोनियाच्या मर्यादा ठरवल्या, त्या मुख्यतः शेतीतल्या या अमोनियासाठी.

हे माप रोजच्या प्रदूषणासाठी ठीक आहे. पण गळतीसाठी ते किती आंधळं आहे, बघा. समजा एखाद्या प्लांटमधून वायू सुटला आणि वीस मिनिटं वाड्यावर ३० पीपीएम हवा राहिली. म्हणजे डोळ्यांतून पाणी, मुलांना खोकला, शाळा सोडून पळापळ. उरलेला दिवस हवा एकदम स्वच्छ. तर २४ तासांची सरासरी येते सुमारे २९० मायक्रोग्रॅम. म्हणजे मर्यादेच्या आत! कागद म्हणेल, काही झालंच नाही. उलट ४०० मायक्रोग्रॅम म्हणजे अर्ध्या पीपीएमहून थोडं जास्त, ज्याचा बहुतेकांना वासही येत नाही. म्हणून "हवा मर्यादेत आहे" असं कोणी सांगितलं की लगेच विचारायचं : किती वेळाची सरासरी? कुठे मोजली? कधी मोजली?

दुसरं माप कामगाराचं. ते २५ आणि ३५ पीपीएमचं, वर सांगितलंच आहे. ते प्लांटच्या आतल्या माणसासाठी आहे. भिंतीपलीकडच्या घरातल्या तान्ह्या बाळासाठी नाही.

तिसरं माप साठ्याचं. भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली १९८९ मध्ये घातक रसायनांचे नियम. त्या नियमांप्रमाणे सुट्या साठ्यात अमोनिया ६० टन किंवा जास्त असेल तर कारखान्यावर बरीच बंधनं येतात. सरकारला साठा कळवणं, अपघाताची योजना करणं वगैरे. १९९६ च्या नियमांनी अशा कारखान्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट नेमला. आपल्या जेटीवरच्या प्लांटमध्ये असतो काही शे किलो, फार तर काही टन. म्हणजे तो या मोठ्या जाळ्याच्या आसातून खाली पडतो. ट्रॉलरच्या जाळ्यातून बारीक मासळी सुटावी तसा. आणि एका किलोचा हिशेब तर आपण आत्ताच केला.

मग छोट्या प्लांटला काहीच लागू नाही का? आहे. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याखाली आणि १९७४ च्या पाणी प्रदूषण कायद्याखाली राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. त्या संमतीपत्रात अटी लिहिलेल्या असतात. गोव्यात हे काम गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, कर्नाटक-गुजरातेत तिथल्या मंडळांचं. कामगारांची सुरक्षा कारखाने व बाष्पक निरीक्षणालय बघतं. दाबाच्या टाक्या आणि सिलिंडर यांचे नियम वेगळे, ते केंद्राच्या स्फोटक सुरक्षा संघटनेकडे. आग आणि बचाव अग्निशमन दलाकडे. अमोनिया कसा हाताळावा याची भारतीय मानकंही आहेत, आयएस ४५४४ आणि शीतयंत्रांसाठी आयएस ६६०. कागद भरपूर आहेत. पण एका जेटीवर उभं राहून हे सगळे कागद एकत्र बघणारा माणूस नसतो. ते आपण करू शकतो, कारण आपण त्या प्लांटचे गिऱ्हाईक आहोत आणि शेजारीही.

एक बिल विचारा

मंडळी, हवा मोजायचं महागडं यंत्र आपल्याकडे नाही. पण एक यंत्र फुकटात आहे : अमोनिया खरेदीचं बिल.

नीट समजून घ्या. अमोनिया डिझेलसारखा जळून संपत नाही. तो नळ्यांमधून गोल गोल फिरत राहतो. एकदा भरलेला अमोनिया तत्त्वाने वर्षानुवर्षं चालायला हवा. मग एखाद्या प्लांटने वर्षात दोनशे किलो नवा भरला, तर जुना दोनशे किलो गेला कुठे? ग्लँडमधून, सांध्यांमधून, तेल काढताना, पाण्यासोबत, कुठून ना कुठून बाहेरच गेला. काही हवेत, काही खाडीत. म्हणजे वर्षाची भरती हेच त्या प्लांटच्या गळतीचं माप. मालकासाठीही तो तोटाच आहे, पैसे देऊन घेतलेला माल हवेत सोडल्यासारखा. आपल्या एखाद्या सोसायटीचा स्वतःचा प्लांट असेल तर हा आकडा वार्षिक सभेत डिझेल-विजेच्या खर्चाशेजारी वाचून दाखवायला काहीच हरकत नाही.

बिलासोबत आणखी काही गोष्टी विचारा. भांडायला जाऊ नका, लादी घ्यायला गेल्यावर सहज विचारा :

१. अमोनियाचा सेन्सर आणि भोंगा आहे का? वीज गेल्यावरही चालतो का?

२. कॉम्प्रेसरमधून गेलेलं तेल काढताना किती माणसं असतात? या धंद्यातले बरेच अपघात तेल काढतानाच होतात. माणूस व्हॉल्व्ह उघडून बाजूला जातो, तेल संपतं आणि मागून अमोनिया येतो. हात सोडला की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह बसवता येतो. आणि एकट्याने हे काम करायचं नसतं.

३. हवेची टाकी आणि मास्क कुठे ठेवलाय? मशीन रूमच्या आत टांगलेला मास्क गळती झाल्यावर काय कामाचा? तो बाहेर, दाराजवळ हवा.

४. डोळे धुवायला आणि अंगावर घ्यायला पाणी कुठे आहे? नळ उघडून बघा, पाणी येतं का.

५. सेफ्टी व्हॉल्व्ह शेवटचा कधी तपासला? त्याचं तोंड कुठे सोडलंय? वाड्याच्या बाजूला तर नाही?

६. सूचना कुठल्या भाषेत लिहिल्यात? प्लांटवर आणि बोटींवर काम करणारी पोरं ओडिशा, झारखंड, कर्नाटकातली असतात. मराठी-इंग्रजी पाटी त्यांना काय सांगणार? हिंदी, उडिया, कन्नड पाटी लावायला फार खर्च येत नाही.

उत्तर मिळालं नाही तर मंडळाचं संमतीपत्र माहितीच्या अधिकारात मागता येतं. पंचायतीकडूनही विचारता येतं.

हे विचारायची योग्य वेळ म्हणजे बंदीचे दोन महिने. १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्याला असतात, बर्फाची मागणी उतरते. पावसाळी खाऱ्या हवेत पाईप गंजतात. मग ऑगस्टच्या तोंडावर सगळ्यांनाच घाई, प्लांट एकदम पूर्ण जोरावर. आपण बोट पाण्यात ढकलण्याआधी फळ्या, इंजिन, पंखा तपासतो की नाही? तसंच प्लांटचं. पाईपचा रंग काढून गंज बघणं, ग्लँड बदलणं, व्हॉल्व्ह तपासणं ही कामं जुलैत झाली पाहिजेत.

वास आला तर

वाऱ्याची अक्कल आपल्याला कोणी शिकवायला नको. दिवसा खारे वारे दर्यावरून जमिनीकडे, रात्री मतलई वारे जमिनीवरून दर्याकडे. म्हणजे जेटीवरचा प्लांट दुपारी गळला तर वायू वाड्याकडे येणार, पहाटे गळला तर नांगरलेल्या बोटींवर, आत झोपलेल्या खलाशांवर जाणार. प्लांटच्या छपरावर एक कापडी निशाण लावून ठेवलं तर अंधारातही टॉर्च मारून वारा कळतो.

गळती झाली तर :

– वायू ज्या दिशेने चाललाय त्याच दिशेने पळू नका. वाऱ्याला आडवं जा, मग वाऱ्याच्या वरच्या अंगाला.
– टॉवेल, ओढणी, लुंगी, जे मिळेल ते पाण्यात भिजवून नाकातोंडावर धरा. ओलं फडकं थोडा अमोनिया शोषून घेतं. बाहेर पडायला तेवढा वेळ मिळतो. हे फडकं घेऊन आत जायचं नाही.
– ढग दारापर्यंत आलाच असेल तर घरात राहून दारं-खिडक्या बंद करा, फटींत ओली कापडं कोंबा, पंखा-एसी बंद करा.
– आत अडकलेल्याला काढायला हवेच्या टाकीशिवाय शिरू नका. एकाला वाचवायला गेलेले दोघं तिथेच पडतात.
– डोळ्यांत गेला तर चोळू नका. पापण्या उघड्या धरून साध्या पाण्याने निदान १५ मिनिटं धुवा. मग डॉक्टर.
– द्रव अमोनियाने कपडे अंगाला चिकटले असतील तर ओढू नका, आधी भरपूर पाणी ओता.
– बरं वाटतंय म्हणून घरी बसू नका. जास्त वायू छातीत गेला असेल तर त्रास काही तासांनी वाढू शकतो.
– जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी मारू नका. पाण्याच्या उष्णतेने तो जोरात उकळतो. पाण्याचा फवारा हवेतल्या ढगावर मारायचा असतो, आणि ते काम अग्निशमनचं. ते पाणी खाडीत जाऊ देऊ नये. अमोनिया माशांना विष आहे.
– बंद खोलीत अमोनिया दाट झाला तर पेटूही शकतो. विडी, लायटर, बटणं लांब ठेवा.
– फोन : ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८.

महामार्गावर टँकर उलटलेला दिसला तर जवळ जाऊन मोबाईलवर चित्रण करू नका. लांबून टँकरवरची पाटी वाचा. त्यावर १००५ हा आकडा असेल तर आत अमोनिया आहे. फोनवर तेवढा आकडा सांगितला तरी अग्निशमनवाल्यांना पुरतं.

शेवटी

मासळी ताजी ठेवायची तर बर्फ हवा आणि बर्फ हवा तर अमोनिया राहणार. मोठ्या साठ्यांवर कायद्याची नजर आहे, शहराच्या हवेची दिवसभराची सरासरीही कुठेतरी मोजली जाते. या दोन्हींच्या मधे आपली जेटी येते, जिथे काही शे किलो वायू गंजक्या पाईपात असतो आणि पाच मिनिटांची गळती कुठल्याच वहीत लिहिली जात नाही. ती वही आपणच सुरू करू शकतो. वास कधी आला, किती वेळ राहिला, वारा कुठला होता, कोणाला काय त्रास झाला, हे तारीखवार सोसायटीच्या ऑफिसात लिहून ठेवा. पुढे मंडळाकडे जायची वेळ आली तर "नेहमी वास येतो" असं सांगण्यापेक्षा बारा तारखांची यादी पुढे ठेवलेली बरी.

जुलैच्या सभेत बर्फाच्या दराबरोबर हा विषयही घ्या. आणि वरची "वास आला तर" ही यादी घरात, बोटीवर, खलाशांच्या खोलीत वाचून दाखवा. ज्यांना मराठी येत नाही त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा.